शेवटच्या पायरीवरचा कंदील

हसनाबादेत बद्रीनाथचा व्हिडिओचा धंदा जोरात चालायचा तेव्हाची ही गोष्ट. लग्न असो, बारसं असो, गणपती असो, लोक त्याच्याकडून टीव्ही, व्हीसीआर आणि चार कॅसेटी भाड्यानं न्यायचे आणि अख्ख्या गल्लीला पिक्चर दाखवायचे. भाड्याची सुपारी नसली की तो टीव्ही घरी मधल्या खोलीत, बाजेसमोर ठेवलेला असायचा. त्यामुळं बद्रीनाथची धाकटी बहीण नंदा हिनं जेवढे पिक्चर पाहिले, तेवढे भोकरदनच्या टॉकीजवाल्यानंही पाहिले नसतील.

औरंगाबादेहून घाऊक आणलेल्या कॅसेटींच्या गठ्ठ्यात एक कार्टूनचा पिक्चर आला होता. कुठल्या मुलखातला कोण जाणे, हिंदीत आवाज भरलेला. भाड्यानं तो कुणीच न्यायचं नाही. "चित्रं काय दाखवून राह्यला लेका, मारामारीचा दे," असं म्हणून लोक ती कॅसेट बाजूला सारायचे. म्हणून ती नंदाची झाली.

त्यात एक राजकन्या खेळताखेळता विहिरीत पडते. विहिरीच्या तळाशी एक शहर असतं. जगात जी माणसं पाण्यात नाहीतर आरशात डोकावतात, त्यांची प्रतिबिंबं तिथं राहतात. वाट चुकलेल्या राजकन्येला एक कंदीलवाला पोरगा भेटतो आणि जिन्यापाशी आणून सोडतो. तो तळाच्या पायरीवर कंदील उंच धरून उभा राहतो आणि ती त्या उजेडात वर चढून जाते. वर राजवाडा, राजपुत्र, लग्न, गाणं. पिक्चर खलास.

"दादा, त्या कंदीलवाल्याचं पुढं काय झालं?" तेरा वर्षांच्या नंदानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"त्याचं काय व्हायचंय? त्याचं काम संपलं."

नंदाला हे काही पटलं नाही. एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये त्या पोराला नावसुद्धा नव्हतं. राजकन्या त्याला नुसतं "सुनो" म्हणायची. मग कापूस वेचताना, भाकरी थापताना नंदा त्याच्यासाठी पुढची गोष्ट रचत बसायची. कधी तो नाव वल्हवत दुसऱ्या गावाला जायचा, कधी त्याला भाऊ भेटायचा. वर मात्र तिला त्याला कधी आणता आलं नाही, कारण वर आल्यावर त्यानं काय करायचं हे तिला सुचायचं नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात नंदा अठराची होती. बारावीचे पेपर झाले होते. बाप कडूबा स्थळं बघत होता आणि दुपारी घरात तिच्याशिवाय कुणी नसायचं. एका दुपारी पिक्चर संपता संपता लाइट गेली. टीव्हीची काच काळी झाली आणि त्या फुगीर काचेत खोली दिसू लागली. बाज, खिडकी, खुंटीवरचं धोतर आणि बाजेवर बसलेली ती स्वतः.

तिच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं.

नंदानं झटकन मान वळवली. शेजारची जागा रिकामी होती, गोधडीला चुणीसुद्धा पडलेली नव्हती. तिनं परत काचेत पाहिलं. तो होता. पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्याच्या घरी बसावं तसा अवघडून बसलेला. पिक्चरमधल्या सगळ्यांच्या अंगाभोवती असते तशी काळी रेघ त्याच्या अंगाभोवती होती. कंदील पायाशी ठेवलेला.

ती ओरडली नाही. घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज काचेतून आला. "सीढ़ियाँ गीली हैं। सँभलकर।"

हे त्याचं पिक्चरमधलंच बोलणं होतं. नंदा उठली, टीव्हीवर चादर टाकली आणि पार ओसरीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनंच चादर काढली.

त्याला पिक्चरमधली वाक्यं सोडून काहीच बोलता येत नव्हतं. तिनं काही विचारलं की तो त्यातलंच एखादं वाक्य निवडून द्यायचा आणि ते चुकलं की ओशाळायचा. मग नंदा त्याला शिकवू लागली. बाज, खिडकी, भाकर, ऊन. "ऊन" शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. खिडकीतून खोलीत आलेला उन्हाचा पट्टा त्याला काचेत दिसायचा, पण त्यात हात घातला की काहीच लागत नाही, असं तो म्हणाला. थोड्याच दिवसांत तो तिच्यासारखंच बोलू लागला, तिचेच हेल काढून.

"तुला नाव न्हाई?"

"हाक मारणारं कुणी नव्हतं."

नंदाच्या घरचं दैवत खंडोबा. तिला दुसरं नाव सुचलंच नाही. "मंग तू मार्तंड."

नाव मिळाल्यावर त्यानं ते स्वतःशी म्हणून पाहिलं. काचेत त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. बाजेवरच्या तिच्या खऱ्या हाताला तो लागला नाही, पण अंगावर शहारा आला आणि दिवसभर राहिला. रात्री जेवताना आई झुंबरबाईनं विचारलं, "कामून हसून राह्यली एकटीच?"

त्यानं त्याच्या शहराचं सांगितलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. पिक्चर संपला की तिथं सगळे थांबतात. बाजारातली माणसं, घोडे, राजकन्येचं पाण्यातलं प्रतिबिंब, सगळे भिंतीकडं तोंड करून उभे राहतात. डोळे उघडे असतात. तोही तसाच उभा राहायचा. पण वर कुणीतरी त्याच्याविषयी विचार करू लागलं तशी त्याची मान वळू लागली, मग पाय हलू लागले.

"आन् कॅसेट मागं फिरवली की?" नंदानं विचारलं.

"मंग सगळे उलटे चालतेत. जिन्यावरून उलटं उतरताना राजकन्या रडती. तिचा आवाज तुमाला येत न्हाई."

त्या दिवसापासून नंदानं ती कॅसेट लावली नाही. लावायची गरजही उरली नव्हती. काळी काच पुरायची.

पहिल्यांदा लक्षात आलं ते वहिनीच्या. पुष्पा आरशासमोर नंदाची वेणी घालत होती आणि बोलता बोलता मध्येच तिचा हात थांबला. आरशात पुष्पा दिसत होती, पुष्पाच्या हातातला कंगवा दिसत होता, पण कंगव्याखाली केसांचा नुसता धूर होता. त्या धुरातून मागची भिंत दिसत होती. कंगवा फेकून ती बाहेर धावली. त्याच आठवड्यात स्थळाला द्यायला काढलेला फोटो भोकरदनहून आला. त्यात खुर्ची होती, वहिनीच्या लग्नातली जरीची साडी होती. साडी खुर्चीवर नीट बसली होती आणि पदरावर मान नव्हती.

"रोल खराब असंल," कडूबा म्हणाला, पण फोटो हातातून खाली ठेवताना त्यानं तो पालथा ठेवला.

झुंबरबाई अडाणी असली तरी लेकीला ओळखत होती. तिनं मीठमोहऱ्या उतरवल्या, आणि दुसऱ्या दुपारी पाणी प्यायचं निमित्त करून मधल्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. लेक बंद टीव्हीशी बोलत होती. बोलताना थांबत होती, ऐकत होती, लाजत होती. झुंबरबाईला काचेत कुणी दिसलं नाही. लेकही दिसली नाही.

तिनं ती कॅसेट उचलली, तशीच शेतावर गेली आणि बारवेत फेकून दिली.

नंदाला संध्याकाळी कळलं. ती रडली नाही की भांडली नाही, पण तिला अन्न गेलं नाही. टीव्ही बद्रीनाथ त्याच दिवशी मंठ्याला एका लग्नात घेऊन गेला होता, आणि आता काच तरी कुठून आणणार? रात्रभर तिच्या मनात एकच होतं. कॅसेट पाण्यात आहे आणि पाणी बारवेचं आहे.

दुसऱ्या दिवशी ऐन बाराच्या उन्हात ती घराबाहेर पडली. असल्या वेळी शेतात कुणी जात नाही. नांगरून पडलेली काळी ढेकळं तापली होती, लिंबावर कावळासुद्धा नव्हता. बारव जुनी, दगडी, अरुंद जिन्याची. उन्हाळ्यात पाणी पार खाली जायचं. वरून पाहिलं तर कॅसेटमधली काळी फीत सुटून पाण्यावर पसरली होती, कुणीतरी केस मोकळे सोडून बुडी मारावी तशी. आणि त्या फितीखाली दिवे लागले होते.

नंदा उतरली. पाण्याची पायरी आली तरी पाय ओला झाला नाही. पाणी होतं तिथं आता गार, हिरवा अंधार होता आणि जिना त्यातून खाली जात होता. तिनं एकदाच वर पाहिलं. आभाळाचा तुकडा ताटाएवढा उरला होता.

खाली ते शहर तिला लगेच ओळखू आलं. तो चौक, ती घड्याळाची कमान, ते पूल, इतक्या वेळा पाहिलेले. पण पिक्चरमध्ये कधी न दिसलेली एक गोष्ट होती. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना भिंतींकडं तोंड करून माणसं उभी होती. नंदा त्यांच्या पाठींमागून चालली. कुणी श्वास घेत नव्हतं. एका बाईच्या कडेवरचं लेकरू तेवढं भिंतीकडं तोंड करायला विसरलं होतं. त्याचे डोळे नंदाच्या मागोमाग सरकत गेले.

मार्तंड वर जाणाऱ्या दुसऱ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कंदील धरून उभा होता.

"तू कामून आली?" त्याच्या आवाजात आनंद नव्हता, धास्ती होती. "तू आली तो जिना नुसता उतरायचा. जल्दी इथून वर जा. मी दिवा धरतो."

"तू बी चल."

"हे बघ," तो म्हणाला आणि त्यानं कंदील खाली ठेवला. तो ठेवताच वरच्या पायऱ्या विरघळू लागल्या. त्यानं घाईनं कंदील उचलला तशा त्या परत आल्या. "खाली कुणीतरी दिवा धरल्याबिगर जिना राहत न्हाई. राजकन्येला हे ठाऊक व्हतं. तिनं मागं वळून बघितलं न्हाई, ते काय उगाच?"

"मंग मी धरते. तू ऊन बघून ये."

मार्तंडची नजर वरच्या पायऱ्यांकडं गेली. नंदाला त्या क्षणी भीती वाटली, आणि ती शहराची नव्हती. याच्यासाठी हा आजवर आपल्याशी बोलत होता का? आपण असं म्हणावं म्हणूनच? त्याला शिकवलेला एकेक शब्द तिला आठवला.

त्यानं कंदील दिला नाही. उलट दोन्ही हातांनी घट्ट धरला. "मला तसं वाटलं व्हतं," तो म्हणाला. "आधी. तुझं रूप झरत झरत इकडं यायला लागलं तवा मला बरं वाटलं व्हतं. खोटं कामून बोलू? मंग तू मला नाव दिलं. आता तू जा. बिलकुल मागं बघू नको."

"माझं रूप कुठंय?"

त्यानं नुसतं पाहिलं, तिच्या खांद्यापलीकडं. नंदा वळली. तीन हातांवर ती स्वतः उभी होती. तीच परकराची किनार, तीच अर्धवट सुटलेली वेणी. फोटोत नव्हती ती मान, आरशात नव्हता तो चेहरा. अंगाभोवती काळी रेघ धरू लागली होती. ती भिंतीकडं तोंड करून नव्हती. अजून तिला ते शिकवलं नसावं.

पुढं जे झालं ते नंदानं केलं आणि विचार न करता केलं. तिनं मार्तंडच्या हातून कंदील हिसकला आणि त्या दुसऱ्या नंदाच्या हातात दिला. घेशील का, असं तिला विचारलंसुद्धा नाही. प्रतिबिंबाला वरच्यासारखंच करायची सवय असते. नंदानं हात उंच केला तसा तिनंही केला आणि कंदील वर गेला. मग नंदानं हात खाली घेतला. तिचा मात्र वरच राहिला.

"चल," नंदा म्हणाली आणि मार्तंडचं मनगट धरून चढू लागली. या वेळी हाताला हात लागला. गार होता, नदीतल्या गोट्यासारखा.

वरच्या पाण्यातून डोकं काढलं तेव्हा मार्तंडच्या अंगाभोवतीची काळी रेघ सुटली आणि शाईसारखी पाण्यात पसरली. तो पायरीवर कोसळला. छाती भात्यासारखी हलत होती. ऊन सरळ अंगावर येत होतं. त्यानं तळहात उन्हात धरला आणि भाजल्यासारखा मागं घेतला. मग परत धरला. तो रडत होता की हसत होता, हे नंदाला कळेना. बारवेच्या पाण्यात तिनं वाकून पाहिलं. आभाळ होतं, लिंबाची फांदी होती. ती नव्हती आणि तोही नव्हता.

घरी काय झालं ते सांगण्यात गोडी नाही. कुठलं गाव, कुणाचा, जात कोणती, आईबाप कुठंयत, कडूबानं विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्या पोराकडं उत्तर नव्हतं. त्याच्याकडं चप्पलसुद्धा नव्हती. "हा माणूस घरात आला तर मी बाहेर जाईन," कडूबा म्हणाला. झुंबरबाईनं मात्र लेकीला आत नेलं, आरसा तिच्यासमोर धरला आणि रिकामी काच पाहून हळूच खाली ठेवला.

"तू गेल्ती तिथून परत आली, एवढं पुरे मला," ती म्हणाली. "ह्याला घेऊन जा कुठंबी. पण मधून मधून येत जा."

बद्रीनाथनं दोघांना टेम्पोत घालून जालन्याला सोडलं. नोंदणीच्या लग्नाला लागणारे कागद आणि साक्षीदारही त्यानंच कसेबसे जमवले. वाटेत तो एकदाच बोलला, "त्या पिक्चरमधल्या पोरासारखा दिसतो गं हा," आणि मग कितीतरी वेळ गाडी फार हळू चालवली.

मार्तंडला बियाण्याच्या गोदामात हमालीचं काम मिळालं. भाड्याच्या खोलीत आरसा नव्हता. सकाळी तो तिला सांगायचा, टिकली जरा डावीकडं गेलीय, आणि दाढी करताना ती त्याच्या गालावर बोट ठेवून सांगायची, इथं राहिली. चारचौघांत जपावं लागे. सोनाराच्या दुकानात, सलूनमध्ये ते कधी गेले नाहीत. एकमेकांवर रागावले तरी दोघांना सकाळी एकमेकांसमोर बसावंच लागे, त्यामुळं रुसवा कधी टिकला नाही. नंदा सुखात होती. फक्त तिचा उजवा खांदा भरून यायचा. काही न उचलता, काही न करता, दिवसभर कुणी हात वर धरून उभं राहावं तसा ठणकायचा. दवाखान्यात एक्स-रे काढला, त्यात काही आलं नाही. खांदाही आला नाही, पण डॉक्टरनं मशीनला दोष दिला.

मुलगी झाली. तिचं प्रतिबिंब आरशात स्वच्छ पडायचं. नंदानं ते शेजारणीच्या घरी पाहिलं आणि घरी येऊन लेकीला पोटाशी घट्ट धरलं.

सहा-सात वर्षांनी कडूबाचा राग निवळला. नातीला आणा, असा निरोप आला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला सगळे हसनाबादला गेले. दुपारी पुरणपोळीचं जेवण करून घर आडवं झालं, तेव्हा नंदा एकटी शेतावर गेली.

बारवेच्या शेवटच्या ओल्या पायरीवर ती बसली. पाणी हललं नाही, पण त्यात हळूहळू उजेड झाला आणि चेहरा वर आला. अठरा वर्षांचा. वेणी तशीच अर्धवट सुटलेली. नंदाच्या कपाळावर आता आठ्या होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. खालचीला यातलं काही आलं नव्हतं. हात कंदील धरून वर.

"लई दुखतो," खालची म्हणाली.

"मला ठाऊकंय," नंदा म्हणाली आणि नकळत खांदा चोळला.

"जरा येळ तू धर. मला ऊन बघायचंय. एवढंसंच. लगेच येते."

नंदा एक पायरी मागं सरकली. तिचंच बोलणं, तिचाच आवाज. शेताच्या बांधावर मुलीची हाक ऐकू आली, "आई, कुठंयस?" आणि मागोमाग मार्तंडचा आवाज. पोरीला पुढं जाऊ नको म्हणत होता. तो स्वतः बारवेच्या काठापर्यंत आला नाही.

"न्हाई धरणार मी," नंदा म्हणाली. तोंडातून निघेपर्यंत तिला स्वतःलाही खात्री नव्हती.

खालचीनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. मग म्हणाली, "बराबर हाय. मी बी न्हाई म्हणले असते." एवढं बोलून ती हसली, आणि ते हसू नंदाचं नव्हतं. ते तिचं तिनंच शिकलेलं होतं.

नंदा वर आली. मार्तंड लिंबाखाली मुलीला कडेवर घेऊन उभा होता.

"आता इथं यायचं न्हाई," ती म्हणाली. "पोरीला तर बिलकुल आणायचं न्हाई."

त्यानं मान हलवली. घरी जाताना ती दोघांच्या पुढं चालली, आणि उजव्या खांद्यावर पदर घट्ट ओढून घेतला. खांदा त्या दिवशी पहिल्यांदाच ठणकत नव्हता. खालचीनं हात खाली घेतल्याचं नंदानं कुणालाच सांगितलं नाही. पण त्या रात्री तिनं कडूबाला विनवून, दुसऱ्याच दिवशी बारवेवर लोखंडी जाळी बसवून घेतली.